डावीकडे अडते? मग उजवीकडे बघा

या महिन्यात तीन पत्रं अशी आली की गाड्या तीन प्रकारच्या, तक्रार मात्र एकच, की एका बाजूला छान आडवी जाते, म्हणजे मागून घसरत ड्रिफ्ट होते, आणि दुसऱ्या बाजूला जातच नाही. पहिलं पत्र रिमोटच्या गाडीचं आहे आणि सगळ्यात जास्त जागा त्यालाच देतोय. हसायचं नाही, रिमोटच्या गाडीत जे एका संध्याकाळी कळतं ते खऱ्या गाडीत कळेपर्यंत टायरचे चार सेट जळतात.

प्रश्न : दादा, माझ्याकडे एमएसटी आरएमएक्स २.० आहे, १/१० स्केल, मागच्या चाकांवर चालणारी, एकाकडून सेकंडहँड घेतली. रविवारी सकाळी सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये चालवतो, वॉचमन काका ओरडेपर्यंत. उजवीकडे गोल घेतला की मस्त ड्रिफ्ट होते, सलग पाच-सहा राउंड सोडत नाही. पण डावीकडे घेतला की अर्धा राउंड जेमतेम होतो, मागून निसटते आणि गरकन फिरून माझ्याकडे तोंड करून उभी राहते. जायरोचा (गाडी फिरायला लागली की पुढची चाकं आपोआप उलटी वळवणारा सेन्सर) गेन वाढवला, मागचे टायर नवे टाकले, रिमोटमधून डाव्या बाजूचं स्टीअरिंगही वाढवलं. काही फरक नाही. आता फक्त सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) बदलायचा राहिलाय, मागवू का?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर : नको मागवू, थांब जरा. तू तीन गोष्टी केल्यास आणि त्यातली एक तर बरोब्बर उलट्या बाजूला केलीस, पण त्यात तुझी चूक नाही, निम्मी पोरं हेच करतात आणि मीही केलंय.

बघ, गाडी डावीकडे गोल फिरतेय म्हणजे तिचं नाक आतल्या बाजूला, डावीकडे, आणि बूड उजवीकडे बाहेर फेकलेलं. आता त्या क्षणी पुढची चाकं कुठे बघतायत? उजवीकडे. काउंटर म्हणतो आपण ते. म्हणजे डाव्या ड्रिफ्टमध्ये गाडीला सावरून धरतो तो उजवा लॉक, म्हणजे चाकं उजवीकडे जास्तीत जास्त जेवढी वळतात ते, डावा नाही. डाव्या लॉकचं काम फक्त सुरुवातीला नाक आत घालायचं, नंतर तो सुट्टीवर. मग डावीकडे गोल घेताना गाडी गरकन फिरतेय याचा अर्थ तिला जेवढं उजवीकडे वळायला हवंय तेवढं वळता येत नाहीये, कुठेतरी चाक अडतंय, आणि तू बिचारा डावी बाजू वाढवत बसलास. उलट लक्षण असतं, म्हणजे फिरत नाही पण डावीकडे आडवीच होत नाही, नाकाने सरळ पुढे घसरत जाते, तर डावा लॉक तपास म्हणालो असतो. तुझ्या पत्रात 'गरकन फिरून' हे दोन शब्द नसते तर मलाही काही सांगता आलं नसतं, त्यामुळे पुढच्या वेळी कोणीही लिहाल तेव्हा 'नीट ड्रिफ्ट होत नाही' एवढंच लिहू नका, फिरते की सरळ जाते ते लिहा.

आता मोजायचं कसं. गाडीची बॉडी काढ, जायरोचा गेन शून्यावर आण. गाडी एका मोठ्या कागदावर ठेव, स्टीअरिंग पूर्ण डावीकडे धर आणि डाव्या चाकाच्या कडेने पेन्सिलने रेघ मार. मग पूर्ण उजवीकडे धर आणि उजव्या चाकाच्या कडेने रेघ मार. दहावीची कंपास पेटी कुठेतरी पडलेली असेलच, त्यातला कोनमापक काढ आणि दोन्ही रेघा गाडीच्या मधल्या रेषेशी किती कोन करतात ते बघ. डाव्या लॉकला डावं चाक आणि उजव्या लॉकला उजवं चाक, अशीच तुलना करायची, कारण एकाच लॉकमध्ये आतलं आणि बाहेरचं चाक मुळातच वेगवेगळं वळतं, त्यांची आपसात तुलना केलीस तर उगाच घाबरशील. ड्रिफ्टच्या गाड्या ६० अंशांच्या पुढे वळतात, तुझी एका बाजूला ६५ आणि दुसऱ्या बाजूला ५२ वगैरे निघाली तर तिथेच चोर सापडला.

कमी का वळतं याची कारणं बहुतेक वेळा फुकटात निघतात. पहिला संशय मला जुन्या मालकावर आहे, म्हणजे त्याने सर्व्होचा हॉर्न, त्याच्या दांड्यावरची छोटी पट्टी, कशी बसवली त्यावर. सर्व्होच्या दांड्याला दाते असतात, कुठल्या कंपनीचे २३ तर कुठल्या २५, त्यामुळे हॉर्न अगदी काटकोनात बसतोच असं नाही, एक दाता इकडे नाहीतर तिकडे. तो फरक लोक रिमोटच्या सब-ट्रिमने, म्हणजे सर्व्होचा मध्य सरकवणाऱ्या सेटिंगने, भरून काढतात. थोडा असेल तर चालतं, पण सब-ट्रिम भरपूर ओढून ठेवलाय म्हणजे सर्व्हो आधीच एका बाजूला कलून उभा आहे, मग त्या बाजूला त्याच्याकडे प्रवास कमी उरतो. म्हणून हॉर्न काढ, सब-ट्रिम आणि ट्रिम दोन्ही शून्य कर, रिमोट आणि गाडी चालू ठेवूनच हॉर्न शक्य तितका काटकोनाच्या जवळ परत बसव, उरलेलं बारीक सब-ट्रिमने घे. मग दोन्ही बाजूचे टाय रॉड, म्हणजे चाकांना स्टीअरिंगशी जोडणारे दांडे, व्हर्नियरने मोज, लांबी सारखी पाहिजे. व्हर्नियर नसेल तर दोन्ही रॉड सोडून शेजारी शेजारी धर, डोळ्यालाही कळतं. टर्नबकलला, म्हणजे फिरवून लांबी बदलता येणाऱ्या त्या रॉडला, एका टोकाला उलटे आटे असतात, त्या टोकाकडे बहुतेक वेळा बारीक खाच असते, दोन्ही रॉडच्या खाचा एकाच बाजूला ठेवल्यास की पुढे ॲडजस्ट करताना डोकं फिरत नाही.

एवढं झालं की रिमोटमध्ये ईपीए, म्हणजे चाकं जास्तीत जास्त किती वळावीत ती हद्द, डावी आणि उजवी वेगवेगळी, चाक कुठेतरी टेकेपर्यंत वाढव आणि तिथून एक-दोन पॉइंट मागे घे. टेकलेल्या जागी सर्व्हो गुंऽऽ करत राहिला तर तो जळतो आणि मग खरंच नवा घ्यावा लागेल. चाक कशाला टेकतंय ते बोटाने चाचपून बघ, खालचा आर्म, शॉक, अँटेनाची नळी, काहीही असू शकतं. माझ्या गाडीत मोटरच्या सेन्सरची वायर होती. सर्व्होखालून तिचा एक वेटोळा आला होता आणि उजवीकडे पूर्ण वळताना स्टीअरिंगची पट्टी त्या वेटोळ्यावर जाऊन थांबायची, रबराला टेकल्यासारखी, आवाज नाही काही नाही. महिनाभर मी कॅम्बर बदलत होतो, स्प्रिंग बदलत होतो, मित्रांना शहाणपण शिकवत होतो, आणि शेवटी दहा रुपयांच्या झिप-टायने काम झालं. बॉडी लावून परत एकदा तपास, कारण कधी कधी चेसिस ठीक असते आणि चाक फेंडरच्या आतल्या कडेला घासत असतं, तिथे बॉडीवर आतून काळी रेघ उठलेली दिसते.

मग जायरो. लॉक सारखे झाल्याशिवाय जायरोला हात लावू नकोस, क्रम चुकला की काय कशाने सुधारलं तेच कळत नाही. बऱ्याच जायरोंना स्टीअरिंगची डावी-उजवी हद्द स्वतंत्र शिकवावी लागते, बटण दाबून पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. तू रिमोटमध्ये ईपीए बदललीस पण जायरोला परत शिकवलं नाहीस तर तो जुन्याच हद्दीवर अडून बसेल, रिमोट काहीही म्हणो. आणि तू गेन वाढवलास त्याचाही उपयोग का झाला नाही ते आता लक्षात आलं असेल, गेन म्हणजे जायरो किती जोरात काउंटर मारतो ते, पण भिंतच जवळ असेल तर जोरात पळून काय, लवकर आदळणार एवढंच. तपासायला सोपं आहे. गेन चालू करून गाडी हातात उचल आणि झटक्यात डावीकडे वळव, पुढची चाकं उजवीकडे गेली पाहिजेत. उजवीकडे झटका दे, डावीकडे गेली पाहिजेत. दोन्हीकडे सारखी, सारख्या वेगाने. एका बाजूला दमल्यासारखी जात असतील तर सर्व्होचा एखादा दाता गेलाय का बघायचं, तेव्हा सर्व्होचा विषय. आणि गाडी चालू करताना जमिनीवर ठेवून दोन-चार सेकंद हात लावायचा नाही, जायरो त्या वेळात स्वतःचं 'स्थिर' ठरवत असतो, हातात धरून चालू केलीस तर तो हलतानाचं माप धरतो आणि मग चाकं हळूहळू आपोआप एका बाजूला सरकतात.

हे सगळं करून लॉक सारखे, जायरो सारखा, तरी डावीकडे फिरतेच, असं झालं तर चेसिस पिळलीय का बघ. सपाट जागा पाहिजे, टीपॉयची काच चालेल, स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा तर उत्तम, पण आईला विचारून, चाकांना बेसमेंटची धूळ असते. गाडीच्या मागच्या टोकाला बरोब्बर मध्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून हळू उचल, दोन्ही मागची चाकं एकदम सुटली पाहिजेत. मग तसंच पुढून. एक चाक आधी सुटतंय म्हणजे पीळ आहे, किंवा शॉकच्या कॉलरी खालीवर आहेत. वरच्या डेकचे, म्हणजे चेसिसच्या वरच्या पट्टीचे, स्क्रू सैल करायचे, गाडी काचेवर दाबून धरायची आणि परत कसायचे, एक इकडचा एक तिकडचा असं आळीपाळीने. वजनाच्या फार नादी लागू नकोस. किचनचे दोन सारखे काटे मिळाले तर मागच्या दोन चाकांखाली ठेव, पुढच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीची वह्या-पुस्तकं, आणि फरक बघ. ४०-५० ग्रॅम निघाला तर बॅटरी सरकव, १० ग्रॅमसाठी शिसं चिकटवत बसणारे लोक मला माहीत आहेत, त्यांचं ड्रिफ्टिंग त्याने सुधारलेलं नाही. एकदा चारही चाकं हाताने फिरवून घे मात्र, पुढचं एखादं बेअरिंग जाम असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. आणि मागची दोन चाकं काढून षटकोनी हबमागची छोटी पिन दोन्हीकडे आहे ना ते बघ, एका बाजूची पडली असेल तर एकच चाक जोर लावतंय आणि तू टायरला शिव्या देतोयस.

आता बेसमेंटबद्दल. पार्किंगच्या फरशीला पाणी जायला उतार दिलेला असतो, डोळ्याला दिसत नाही पण बाटलीभर पाणी ओतलंस की जाळीकडे पळतं. खडूने एक गोल काढ आणि डावीकडून चालव. प्रत्येक वेळी गोलाच्या एकाच जागी, समजा जाळीकडे तोंड असतानाच फिरत असेल, तर दोष जमिनीचा. कुठेही फिरत असेल तर गाडीचा. तेल सांडलेली पार्किंगची जागा सोडून कर म्हणजे झालं. शेवटचा संशयित तू स्वतः. पिस्तूल रिमोटवर एकाच बाजूची सवय मनगटाला लागते, बहुतेकांना पहिला गोल जमतो त्याच बाजूला ते महिनाभर फिरत बसतात. रिमोट मित्राला दे, तोही डावीकडेच फिरवत असेल तर तुझी सुटका.

पण माझी पैज उजव्या लॉकवर आहे. कोनमापकाचे आकडे कळव.

प्रश्न : सर, माझी हॅचबॅक आहे, पुढच्या चाकांवर चालणारी. आमच्या प्लॉटवर पाऊस पडला की मी हँडब्रेक ओढून गाडी आडवी करतो. उजवीकडे झकास येते, डावीकडे येत नाही, तिरकी होऊन थांबते. मागे टायर कुठले टाकू?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : टायर नाही, ब्रेक बघा. आणि आधी हे सांगतो की याला ड्रिफ्ट म्हणत नाहीत, मागची चाकं अडवून घसरणं आहे हे, तिला इंजिनाने आडवी धरून ठेवता येत नाही. मजा आहे, नाही म्हणत नाही, स्वतःच्या प्लॉटवर करा.

ओढल्यावर दोन्ही बाजूंना सारखं वागायचं तर दोन्ही मागचे ब्रेक एका वेळी, सारख्या जोराने लागले पाहिजेत, आणि रोजच्या गाडीत ते क्वचितच लागतात, कारण केबल एका बाजूची ताणलेली असते, नाहीतर एका ड्रममध्ये लायनर जास्त झिजलेलं असतं, नाहीतर पावसात उभी राहून एका बाजूची केबल तिच्या नळीत गंजून जड झालेली असते. सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागून जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर नको. मग एकाने हँडब्रेक एकेक खटका ओढायचा आणि दुसऱ्याने दोन्ही चाकं हाताने फिरवून बघायची. डावं तिसऱ्या खटक्याला घट्ट आणि उजवं सहाव्याला, असं काही निघालं तर गॅरेजवाल्याला तेच शब्द सांगा, 'हँडब्रेक कमी लागतो' असं सांगितलंत तर तो मधला नट आवळून देईल आणि फरक तसाच राहील. हे काम आडवी जाण्यासाठी नाही तर आंबा घाटात उतारावर गाडी उभी करावी लागली तर त्यासाठी करून घ्या.

रस्त्यावर मात्र अजिबात नको. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक ड्रायव्हिंग, पहिल्याच गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

प्रश्न : नमस्कार. मूळचा रत्नागिरीचा, गेली बारा वर्षं शारजाला नोकरीला. एक जुनी ई-३६ बीएमडब्ल्यू घेऊन ठेवलीय, ३२८आय, लेफ्ट हँड ड्राइव्ह, मागचा डिफ (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) वेल्ड केलेला, फक्त ट्रॅकवर चालवतो. डावीकडे हवं तेवढं धरता येतं. उजवीकडे लांब वळण असलं की दोन-तीन सेकंदांनी जोर जातो, मागची चाकं पकड घेतात आणि गाडी झटका देऊन सरळ होते. दोन जणांनी अलाइनमेंट सांगितलं, एकाने सीट. तुमचं काय मत?

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण 'जोर जातो' हे तुम्ही आधी लिहिलंत आणि 'सरळ होते' हे नंतर. तोच क्रम असेल तर अलाइनमेंटला हात लावू नका, गाडीला पेट्रोल मिळत नाहीये.

ई-३६ ची टाकी घोड्याच्या खोगिरासारखी आहे, मधून इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट जातो म्हणून दोन्ही बाजूंना दोन पोटं. पंप उजव्या पोटात, मागच्या सीटखाली. डाव्या पोटातलं पेट्रोल शोषून उजवीकडे आणायची व्यवस्था आहे आणि रोजच्या रस्त्याला ती पुरते, वळण चार सेकंदांत संपतं. पण उजवीकडे लांब ड्रिफ्ट धरलात की सगळं पेट्रोल बाहेरच्या बाजूला, म्हणजे डाव्या पोटात जाऊन बसतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि इंजिन दम टाकतं. डावीकडे वळताना पेट्रोल पंपाकडेच पळतं, म्हणून तिकडे काही होत नाही. हा गाडीचा बिघाड नाही, तिला ज्यासाठी बनवली त्याच्या पलीकडचं काम आपण सांगतोय. ट्रॅकवर जाताना वजन वाचवायला तुम्ही पाव टाकीच ठेवत असणार, सगळेच ठेवतात.

सीट सांगणारा अगदी चुकीचा नाही बरं का. लेफ्ट हँड गाडीत एकटा ड्रायव्हर बसला की उजवी बाजू हलकी, उजव्या वळणात आतलं चाक अजून हलकं होतं, आणि डिफ उघडा असता तर ते एकटंच फिरत बसलं असतं. पण तुमचा वेल्ड केलेला आहे, दोन्ही चाकं एकत्रच फिरणार, तो प्रश्न तिथेच मिटला. वेल्ड तडकलं असेल तर गोष्ट वेगळी. जॅकवर घेऊन न्यूट्रलमध्ये एक चाक फिरवा, दुसरंही त्याच बाजूला फिरलं म्हणजे वेल्ड शाबूत. आणि वरच्या चिंचवडच्या मुलाला सांगितलं ते तुम्हालाही, उजव्या ड्रिफ्टमध्ये तोलून धरतो तो डावा लॉक. स्टीअरिंग व्हील कधी काढून तिरकं बसवलं असेल किंवा टाय रॉड एका बाजूला जास्त बाहेर काढले असतील तर स्टीअरिंगचा रॅक मध्यावर नसतो. लॉक टू लॉक फेरे मोजा, मध्यापासून दोन्हीकडे सारखे आले पाहिजेत. पण तो दोष असता तर गाडी गरकन फिरली असती, जोर जाऊन सरळ झाली नसती.

पुढच्या ट्रॅक डेला सकाळी टाकी काठोकाठ भरून जा आणि तेच उजवं वळण घ्या. दम टाकणं थांबलं तर निदान झालं. मग अर्ध्याच्या खाली काटा जाऊ द्यायचा नाही हा फुकटचा उपाय, किंवा छोटी सर्ज टाकी, म्हणजे इंजिनाला सतत पेट्रोल पुरवणारी मधली टाकी, बसवायची हा खर्चाचा. सर्ज टाकी डिकीत बसवाल तर तिच्या आणि तुमच्यामध्ये लोखंडी पत्र्याचा पडदा ठेवा.